जन्मस्थळ: सेलू

रात्रपाळीत एक-दीडच्या सुमाराला वॉर्ड शांत होतो. शेवटचं सलाईन बदलून झालेलं असतं, मावशी दाराजवळ अंग टाकते आणि ड्युटीवरची सिस्टर रजिस्टरखाली ठेवलेला मोबाईल काढते. तिकडे वॉशिंग्टनमध्ये तेव्हा दुपार असते. महिन्याच्या मध्यावर कधीतरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं पुढच्या महिन्याचं ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं. त्यात एक तक्ता असतो, आडव्या ओळी वर्गवारीच्या आणि उभे रकाने देशांचे. नर्सेस ज्यात मोडतात त्या ईबी-३ च्या ओळीवरून बोट सरकवत भारताच्या रकान्यात यायचं, तारीख बघायची, मोबाईल परत रजिस्टरखाली. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मूळची सेलूची आणि सध्या संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला असलेली एक सिस्टर हे काम गेली चार वर्षं करते आहे. तिची स्वतःची तारीख, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची, २०२१ ची. ऑक्टोबर २०२५ च्या तक्त्यात भारताच्या रकान्यात होतं: २२ ऑगस्ट २०१३. म्हणजे त्याआधी नंबर लावलेल्यांचीच तेव्हा पाळी.

सेलू म्हणजे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचं परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कापसाची बाजारपेठ, नूतन विद्यालय, बाबासाहेब महाराजांचं मंदिर, आणि मुंबईला किंवा हैदराबादला जायचं तर देवगिरी एक्सप्रेस. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथल्या हुशार, पण घरची ओढाताण असलेल्या मुली डीएडला जायच्या. पुढे शिक्षकभरती आटली, डीएड कॉलेजं ओस पडली आणि त्याच घरांतल्या मुली जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगकडे वळल्या. कधी काळी ‘नर्स’ म्हटलं की नाक मुरडणाऱ्या घरांत आता ‘आमची सिस्टर आहे’ हे कौतुकाने सांगतात. त्यातल्या काही जणी परदेशाच्या वाटेला लागल्या, आणि तिथेच बऱ्याच जणी थांबल्या आहेत.

या थांबण्याला आपल्याकडे ‘व्हिसा अडकला’ एवढ्या दोन शब्दांत आवरतात. पाटबंधारे खात्यात फाईल अडकावी तसं. मला तसं वाटत नाही. ही एक रांग नाही, चार-पाच रांगा आहेत. प्रत्येक रांगेत हातात धरायचा कागद वेगळा, आणि तो धरून उभं असतानाच शिळा होत जाणारा.

सगळ्यात लांब रांग अमेरिकेची, आणि सगळ्यात विचित्रही. नर्सची टंचाई आहे हे तिथल्या सरकारने केव्हाच मान्य केलंय. एरवी परदेशी माणूस कायमचा नोकरीला आणायचा तर मालकाला आधी जाहिराती द्याव्या लागतात, गावचा माणूस मिळत नाही हे कामगार खात्याला पटवावं लागतं. नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांना त्यातून सूट आहे. हे दोन पेशे ‘शेड्यूल ए’ नावाच्या यादीत बसवून ठेवलेत. म्हणजे गरज सिद्ध करायची भानगडच नाही, ती गृहीत. पण नोकरीच्या आधारावर मिळणारे कायमचे व्हिसे वर्षाला १,४०,००० च. हा आकडा १९९० च्या कायद्यातला. त्यात नवरा आणि मुलंही मोजली जातात. ईबी-३ च्या वाट्याला त्यातले २८.६ टक्के, म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास. आणि सर्वसाधारण नियम असा की कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर नाही. भारताला सात टक्के, आणि आइसलँडलाही कमाल सातच.

बरं, या ओळीत फक्त नर्सेस नाहीत. हिंजवडी नि हायटेक सिटीतून गेलेले संगणक अभियंतेही याच ओळीत उभे आहेत, आणि ते आधी आलेले. फरक एवढाच की तो अभियंता न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर पगार घेत, घराचे हप्ते फेडत थांबतो. साध्या स्टाफ नर्सला एच-१बी सहसा मिळत नाही, कारण त्यासाठी कामाला किमान पदवी अनिवार्य असावी लागते आणि अमेरिकेत दोन वर्षांच्या पदविकेवरही नर्स होता येतं. पूर्वी खास नर्सेससाठी तात्पुरते व्हिसे होते. एच-१ए १९९५ मध्ये संपला. त्यानंतर आलेला एच-१सी वर्षाला फक्त ५०० नर्सेसना मिळायचा, तोही २००९ मध्ये बंद झाला. म्हणून ती थांबते ती संभाजीनगरात, पुण्यात, नाहीतर आखातात.

आता गंमत ऐका. रकाना ठरतो तो पासपोर्ट कुठल्या देशाचा यावरून नाही, जन्म कुठे झाला यावरून. दोघी मैत्रिणी भारतीय, दोघींचा पासपोर्ट निळा, एकाच दिवशी अर्ज. एकीचे वडील कुवेतला तेलकंपनीत होते म्हणून ती तिथल्या इस्पितळात जन्मली, दुसरी सेलूत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कुवेतमध्ये जन्मलेलीसाठी तक्त्यातली तारीख होती १ एप्रिल २०२३, आणि सेलूत जन्मलेलीसाठी २२ ऑगस्ट २०१३. जवळपास दहा वर्षांचा फरक, बाळंतपण कुठे झालं एवढ्यावरून. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात जन्मस्थळाचा रकाना असतो तो कुंडलीसाठी. तोच रकाना अमेरिकेचं सरकारही वाचतं हे कुणा ज्योतिषाला माहीत असेल असं वाटत नाही. आणि नवऱ्याचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर बायकोला त्याच्या रकान्यातून जाता येतं, हेही कायद्यात आहे. केरळात ही माहिती स्थळं बघताना उपयोगी पडत असावी. सेलूच्या पंचक्रोशीत परदेशात जन्मलेला मुलगा शोधायचा कुठून?

तारीख पुढेच जाते असंही नाही. जून २०२३ च्या बुलेटिनमध्ये भारताच्या रकान्यात १५ जून २०१२ होती. जुलैच्या बुलेटिनमध्ये ती १ जानेवारी २००९ झाली. वर्षाचा कोटा संपत आला की रांग अशी मागे ढकलतात. ‘रेट्रो झालं’ असं सिस्टर मंडळी म्हणतात, जणू एखादं जुनं सिनेमागीत. मे २०२३ पासून तर इतर देशांच्या नर्सेसनाही ही मुदत लागली, त्याआधीची काही वर्षं त्यांची वाट बहुतेक मोकळी होती. फिलिपिनो मुली हवालदिल झाल्या तेव्हा भारतीय मुलींना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

या कोंडीवर तोड नाही असंही नाही. २००५ मध्ये अमेरिकी संसदेने आधीच्या वर्षांत न वापरलेले ५०,००० व्हिसे शेड्यूल ए साठी मोकळे केले होते. पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ते संपले. कोविडच्या पहिल्या वर्षापासून तसंच दुसरं विधेयक, २५,००० नर्सेस आणि १५,००० डॉक्टरांसाठी, पुन्हापुन्हा मांडलं जातंय आणि तिथेच राहतंय. टाळ्या वाजवणं सोपं होतं.

संभाजीनगरच्या त्या सिस्टरचं सेलूतलं घर मी पाहिलंय. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, कुणाचं डोहाळजेवण, हे सगळ्यांच्या कालनिर्णयवर असतं तसं तिथेही आहे. पण तिच्या वडिलांनी लाल पेनने आणखी काही चौकटी भरल्या आहेत. ‘ओईटी खतम.’ ‘पोलीस दाखला.’ ‘कौन्सिल रिन्युअल.’ वडील बाजार समितीत मापाडी होते. वजनाची आणि तारखेची सवय हाडात मुरलेली.

त्या चौकटी समजून घेतल्या की सगळा प्रश्न हातात येतो. इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस असो की ओईटी, तिचा निकाल दोन वर्षं चालतो. पोलिसांचा चारित्र्य दाखला बऱ्याच ठिकाणी सहा महिने. वैद्यकीय तपासणीही फार तर सहा महिने. परदेशी नर्सची पात्रता तपासून मिळणारं ‘व्हिसास्क्रीन’ प्रमाणपत्र पाच वर्षं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नवी करायची. एनक्लेक्स परीक्षा पास होऊन मिळालेलं अमेरिकी राज्याचं लायसन्स ठरावीक वर्षांनी फी भरून जिवंत ठेवायचं. पासपोर्ट दहा वर्षं. यातली एकही मुदत दुसरीशी जुळत नाही. दहा वर्षांच्या रांगेसाठी दोन वर्षांचा कागद, हे गणित कुणी मांडलं असेल देव जाणे. अनुभवी मुली म्हणूनच घाई करत नाहीत. तारीख टप्प्यात आल्याशिवाय इंग्रजीची परीक्षा पुन्हा देत नाहीत. नवख्या मात्र एजंटने सांगितलं की लगेच सगळं एकदम काढून ठेवतात आणि दोन वर्षांनी सगळं एकदम शिळं होतं. एक गोष्ट तेवढी शिळी होत नाही: अर्ज मंजूर झाल्यावर मिळालेली ती ‘प्रायॉरिटी डेट’. मालक बदलला तरी ती सहसा आपलीच राहते. हे माहीत नसल्यामुळे मुली वाईट करार गळ्यात घालून बसतात.

कागदांचा दुसरा ताप खास मराठी आहे. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवरा, आडनाव नवं, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून नावही नवं. दहावीची सनद एका नावाची, कौन्सिलची नोंदणी दुसऱ्या, आधार तिसऱ्या. परदेशी अर्जात रकाने दोनच: नाव आणि आडनाव. मधलं ‘बाबूराव’ कुठे बसवायचं? एका कागदावर ते नावाला जोडलं जातं, दुसऱ्यावर गळतं, आणि पडताळणी करणारा फिलाडेल्फियातला कारकून विचारतो, या दोन बायका आहेत की एक? मग राजपत्रात नावबदल, प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी. जन्माच्या दाखल्याची तर वेगळीच कथा. खेड्यात घरी जन्मलेल्या मुलीची नोंद ग्रामपंचायतीत नसेल तर तहसीलदाराच्या आदेशाने उशिराची नोंद करून घ्यायची. जानेवारी २०२५ मध्ये बोगस दाखल्यांच्या तक्रारींवरून राज्य सरकारने असे उशिराचे दाखले देणंच थांबवलं, पुढे कडक अटींसह पुन्हा सुरू केलं. त्या वादात नर्सेसचा काही संबंध नव्हता. झळ मात्र त्यांनाही लागली.

अमेरिकेला कंटाळलेल्यांना दोन वर्षांपूर्वी जर्मनी दिसू लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात करार झाला: पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसं पाठवायची, त्यात परिचारिका होत्याच. जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मनचे वर्ग काढायचं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत न्यायचं जाहीर केलं. आकडे ऐकून परभणीकडच्या मुलींनी ‘गुटेन मॉर्गन’ सुरू केलं.

जर्मनीत अमेरिकेसारखा देशाचा कोटा नाही, जन्मस्थळाची भानगड नाही. तिथली रांग भाषेची आणि मान्यतेची. व्हिसाला साधारण बी-१ आणि नर्स म्हणून पूर्ण मान्यतेला बी-२ पातळीची जर्मन लागते. आपला नर्सिंगचा अभ्यासक्रम तिथल्या राज्याच्या कार्यालयात तपासला जातो. बाडेन-वुर्टेम्बर्गसाठी ते काम श्टुटगार्टला होतं. तपासून ते एक लांबलचक पत्र पाठवतात: तुमच्या शिक्षणात अमुक तास कमी, ते भरून काढायला तिथे येऊन परीक्षा द्या किंवा प्रशिक्षण घ्या. या पत्राला ‘डेफिझिटबेशाइड’ म्हणतात. चार वर्षं बीएस्सी केलेल्या मुलीच्या हातात ‘तूट’ असं नाव असलेलं पत्र पडतं तेव्हा ती पहिल्यांदा खट्टू होते, मग कळतं की हेच पत्र मिळण्यासाठी सगळे धडपडत असतात. ४११ युरो भरून हे काम जलद करून घेण्याची सोय आहे, पण ती मालकाने करायची असते. त्यानंतर मुंबईतल्या जर्मन वकिलातीचा टप्पा.

या सगळ्यात महिने जातात, आणि इथे शिळा होतो तो कागद नाही, भाषा. बी-२ पास होऊन आठ महिने बसलेली एक मुलगी म्हणाली, ‘‘पहिल्या महिन्यात मी स्वप्नात जर्मन बोलत होते. आता ‘डेर, डी, डास’ पण आठवत नाय.’’ सेलूत जर्मन बोलायचं कुणाशी? वर्ग संपला की भाषा संपली. इंग्रजी निदान डॉक्टरच्या राउंडला कानावर पडते.

केरळशी तुलना नकोशी वाटली तरी करावी लागते. तिथे परदेशी नोकरभरतीचं सरकारी महामंडळ १९७७ पासून आहे, परदेशस्थ केरळींसाठीचं वेगळं खातं १९९६ पासून. डिसेंबर २०२१ मध्ये केरळने जर्मनीच्या ‘ट्रिपल विन’ योजनेशी करार केला: भाषावर्ग फुकट आणि मालक आधीपासून ठरलेला. थांबावं तिथल्या मुलीलाही लागतं, पण तिला कुठे फोन करायचा ते ठाऊक असतं. महाराष्ट्राने ही वाट फार उशिरा धरली, आणि धरली तीही घोषणेच्या बाजूने. करार झाल्याच्या दिवशी फोटो निघतो. डेफिझिटबेशाइड सहा महिने न आल्यावर मुलीने कुठल्या टेबलाशी जायचं, हे जिल्ह्याच्या पातळीवर कुणी सांगत नाही.

आखाताची रांग छोटी, पण चिखलाची. तिथे व्हिसा लवकर होतो, अडतं ते त्याआधीच्या पडताळणीत. ‘डेटाफ्लो’ नावाची यंत्रणा तुमचं कॉलेज, कौन्सिल आणि जुनं रुग्णालय यांना पत्र पाठवून विचारते: ही बाई खरंच तुमच्याकडे होती का? मोठ्या शहरातल्या रुग्णालयात उत्तर द्यायला माणूस असतो. तालुक्याच्या वीस खाटांच्या रुग्णालयात तो ई-मेल डॉक्टरांच्या मुलाने उघडून दिलेल्या खात्यात पडतो आणि तिथेच राहतो. एका सिस्टरची तीन वर्षांची नोकरी अशीच ‘अनव्हेरिफाइड’ झाली. ती स्वतः जाऊन रिसेप्शनवर तासभर बसली तेव्हा उत्तर गेलं. आखातात गोंधळ पैशांचाही. परदेशी भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटला कायद्याने उमेदवाराकडून फार तर ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. २०१५ मध्ये कुवेतच्या भरतीचं प्रकरण केरळात गाजलं, तेव्हाच्या सुमारे वीस हजारांच्या मर्यादेच्या जागी एकोणीस-वीस लाख घेतले जात होते. त्यानंतर केंद्राने आखातासह अठरा देशांसाठी नर्सेसची भरती सरकारी संस्थांमार्फतच करायचा आदेश काढला. मराठवाड्यात ‘सर्व्हिस चार्ज’ हा शब्द अजूनही पाहिजे तितका ताणतात.

इंग्लंडचं थोडक्यात. व्हिसा तिथे काही आठवड्यांत होतो, नोकऱ्याच आटल्यात. २०२४-२५ मध्ये परदेशातून येऊन तिथल्या रजिस्टरवर नव्याने नाव नोंदवणाऱ्यांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटली. न्यूझीलंडमध्ये २०२३ मध्ये कित्येक भारतीय मुली नोंदणी करून गेल्या आणि तिथे पोचल्यावर जागाच नाहीत असं कळलं. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर अशा देशांत नोंदणीकृत काम केलेल्यांना जलद वाट दिली. भारतातून थेट जाणारीला ती नाही. त्यामुळे आता मुली टप्प्यांनी जायचा विचार करतात: आधी सौदी, मग आयर्लंड, मग ऑस्ट्रेलिया. देवगिरीचं तिकीट नाही मिळालं तर जालन्यापर्यंत एसटी आणि पुढे मिळेल ती गाडी, तसं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५८ लाख नर्सेसची तूट आहे आणि सातातली एक नर्स तिच्या जन्मदेशाबाहेर काम करते. गरज कमी झाली म्हणून कुणी थांबलेलं नाही. ती वाढत असतानाच रांग वाढते आहे. कारण व्हिसा देणारं खातं आणि रुग्णालय या दोन वेगळ्या इमारती आहेत आणि रुग्ण फक्त एकीत असतात.

इकडे घरात मात्र हे सगळं एकाच प्रश्नात येऊन थांबतं. ‘‘कदी जायलीस गं?’’ लग्नात, हळदी-कुंकवाला, स्टेशनवर, दळणाच्या गिरणीत. पहिल्या वर्षी तो कौतुकाने विचारलेला असतो. दुसऱ्या वर्षी काळजीने. तिसऱ्या वर्षी विचारणारी बाई मान एका बाजूला करून विचारते. ‘तारीख यायची आहे’ हे उत्तर कोर्टकचेरीतल्यासारखं वाटतं. स्थळं येतात ती ‘मुलगी परदेशात जाणार’ म्हणून, आणि परततात ती ‘मग नक्की कधी’ म्हणून. काहींनी सरकारी भरतीच्या परीक्षा दिल्या, काही आरोग्य अभियानात कंत्राटी लागल्या, काही पोस्ट बेसिक बीएस्सी करतायत. ज्यांनी परदेशाच्या भरवशावर नोकरी सोडली त्या पस्तावल्या, कारण अनुभवात खंड पडला की मालक आधी तोच विचारतो. जुन्या सिस्टर्स नव्यांना एकच सल्ला देतात, तोही फार साधा: व्हिसा स्टॅम्प होईपर्यंत ड्युटी सोडू नकोस, आणि रजेचा अर्ज कधी तोंडी देऊ नकोस.

गेल्या डिसेंबरात त्या घरी गेलो तेव्हा सिस्टर ड्युटीवर होती. वडील जमिनीवर नवं कालनिर्णय पसरून बसले होते, शेजारी जुनं. जुन्यातल्या लाल चौकटी एकेक करून ते नव्यात उतरवत होते. मार्चमध्ये कौन्सिलचं, जूनमध्ये पासपोर्ट. ओईटीची तारीख नव्या वर्षातही बसेना, ती पुढच्या वर्षात जात होती. त्यांनी कालनिर्णय उलटं केलं आणि मागच्या पानावर, एकादशींच्या यादीखाली मोकळ्या जागेत ती लिहून ठेवली.